अंगठा, सही आणि मस्टर : एकमेकांकडून शिकलेलं मोजायचं कसं?



संयोजकांनी आजच्या व्याख्यानाला विषय दिला आहे तो असा : ‘माणसं समूहात एकमेकांकडून जे शिकतात, त्याचं मूल्यमापन कसं करावं?’ विषय निघाला तो अर्थातच मोबाईलवरच्या गटांवरून. शेतकऱ्यांचे गट आहेत, शिक्षकांचे आहेत, महिला बचत गटांचेही आहेत. रोज शेकडो संदेश येतात. कुणी विचारतं, कुणी सांगतं. ह्यातून माणसं खरोखर काही शिकतात का, आणि शिकतात असं म्हणायचं तर ते कशाच्या आधारावर?

प्रश्न नवा वाटतो. पण आपल्या सातारा-सांगली भागानं तो साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच अंगावर घेतला होता. त्याला एक उत्तरही दिलं होतं, मोठ्या थाटामाटात दिलं होतं, आणि ते उत्तर पुरतं बरोबर नव्हतं. आज आम्ही मुख्यतः तो इतिहास सांगणार आहोत. आम्ही पेशानं तत्त्वज्ञानाचे शिक्षक. खरं ज्ञान कशाला म्हणावं, हा प्रश्न आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवला. परंतु आम्हाला तो पहिल्यांदा भेटला तो ग्रंथात नाही, दुष्काळी कामाच्या मस्टरवर भेटला. ते पुढे येईलच.

आधी शब्दांची थोडी उस्तवार करू. समूहातलं शिकणं म्हणजे काय? आपल्याकडे उसाची लागण कशी करायची, सरी किती रुंद ठेवायची, पाण्याची पाळी कधी धरायची, हे शिकायला कुणी शाळेत गेलं नाही. शेजारच्या रानात बघितलं, बांधावर उभं राहून चार गोष्टी विचारल्या, पुढच्या वर्षी करून पाहिलं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा ह्यांनी १९७७ साली ह्या प्रकारच्या शिकण्यावर एक सिद्धान्तच मांडला : माणूस दुसऱ्याचं पाहून शिकतो, आणि दुसऱ्याला त्याचं काय फळ मिळालं हेही पाहून शिकतो. आपल्या आजीला हे ठाऊक होतं. फक्त तिनं त्याला सिद्धान्त म्हटलं नाही, एवढंच. (हशा)

अडचण इथून पुढे सुरू होते. शाळेत जे शिकतो त्याला परीक्षा असते. बांधावर जे शिकतो त्याला परीक्षक कोण? पेपर कोण काढणार? आणि गुण कुणाला द्यायचे, ज्यानं सांगितलं त्याला, ज्यानं ऐकलं त्याला, की सगळ्या गावाला?

आता इतिहासाकडे वळू. साल १९५९. तेव्हा आजचा सांगली जिल्हा ह्या नावानं अस्तित्वात नव्हता. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातले तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे भाग आणि सांगली, जत वगैरे संस्थानांचे मुलूख एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ नावाचा जिल्हा झाला होता. त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळालं. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांची माती आणि माणसं एकच, सोयरीक एकच, आणि शिक्षणाची ओढही एकच. ती ओढ कुणी लावली हे आम्ही ह्या सभागृहात सांगायला नको. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघालं, तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात मोठा मुलगा लहान मुलाला शिकवी, आणि दोघं मिळून शेतात राबत. एकमेकांकडून शिकण्याची ही आपल्याकडची पहिली मोठी शाळा, असं आम्ही मानतो. कर्मवीर ९ मे १९५९ ला गेले, आणि त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात ‘ग्रामशिक्षण मोहीम’ सुरू झाली.

ही मोहीम म्हणजे प्रौढांच्या साक्षरतेची चळवळ. तिची कल्पना साधी, पण फार हुशारीची होती. त्याआधीचे रात्रीचे वर्ग एकेका माणसाला शिकवायला बघत. माणूस दिवसभर राबून दमलेला, चार दिवस यायचा आणि पाचव्या दिवशी बंद व्हायचा. मोहिमेनं माणूस सोडला आणि गाव धरलं. साक्षर व्हायचं ते गावानं. गावातली सगळी प्रौढ माणसं, बाया आणि बापे, साधारण चार महिन्यांत लिहायला-वाचायला शिकली पाहिजेत, आणि ती शिकली की गाव वाजतगाजत साक्षर म्हणून जाहीर व्हायचं. त्या समारंभाचं नाव होतं ‘ग्रामगौरव समारंभ’. शिकवणारे कोण? प्राथमिक शिक्षक, गावातली चार बुकं शिकलेली माणसं, आणि शाळेतली पोरं. वेगळा पगार नाही, वेगळी इमारत नाही. देवळात, चावडीत, कुणाच्या सोप्यात कंदील लावायचा आणि पाट्या काढायच्या.

ह्यात समूहाची ताकद कुठं होती, ते नीट पाहा. शेजारच्या गावाचा गौरव झाला आणि आपल्या गावाचा नाही, ही गोष्ट खेड्यात कुणाला सहन होत नाही. मग जो वर्गाला येत नाही त्याच्या दारात चार जण जायचे. सासू म्हणायची, सून गेली तर भाकऱ्या कोण थापणार. तर गावातली दुसरी म्हातारी तिला गप्प करायची. गावाची अब्रू ही शिक्षकापेक्षा मोठी शिक्षक झाली.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. आमच्या गावात मोहीम आली ती १९६१ च्या सुमाराला. आम्ही तेव्हा पाचवीत होतो. गुरुजींनी वरच्या वर्गातल्या पोरांना प्रत्येकी दोन-दोन प्रौढ वाटून दिले. आमच्या वाट्याला आली आमची आई आणि शेजारची एक काकू. म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षी आम्ही गुरू झालो, आणि आमची पहिली विद्यार्थिनी आमची आईच.

आई रात्री चुलीपुढचं आवरून देवळात यायची. हात शेणामातीनं भेगाळलेले, पेन्सिल धरताना तिला ती कायम निसटेल असं वाटायचं, म्हणून ती विळ्याच्या मुठीसारखी घट्ट धरायची. ‘ग’ काढताना तिचा ‘ग’ आणि काना असे दोन गावांसारखे लांब राहायचे. आम्ही तिला ओरडायचो. आज ते आठवलं की लाज वाटते. पण ती हसायची आणि म्हणायची, “मास्तर, दमानं घ्या की.” आकडे मात्र तिला पटापट आले. शेरडं, कोंबड्या, पाहुण्यांच्या भाकऱ्या, हे सगळं ती आधीच मोजत होती. फक्त त्याला पाटीवरचं रूप मिळालं.

मग तपासणीचा दिवस आला. बाहेरून साहेब आले. एकेकाला पुढं बोलवून चार ओळी वाचायला द्यायचे, नाव लिहायला सांगायचे, एक बेरीज घालायचे. आईची पाळी आली. नाव तिनं लिहिलं. बेरीज केली. वाचायला आली आणि दुसऱ्या ओळीत अडली. आम्ही तिच्या मागं पाट्या गोळा करत उभे होतो. आम्ही हळूच शब्द सांगितला. तिनं तो म्हटला. पुढचाही सांगितला, तोही तिनं म्हटला. साहेबांनी बघितलं असेल किंवा नसेल. त्यांनी मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं. आई पास झाली. गाव पास झालं. आठवड्यानं लेझीम आली, हलगी आली, फेटे आले, देवळापुढं नारळ फुटला आणि गाव साक्षर म्हणून जाहीर झालं. आम्ही त्या मिरवणुकीत नाचलो, आणि आनंद खरा होता हेही सांगितलं पाहिजे.

मोहीम साताऱ्यापुरती राहिली नाही. यश पाहून ती बाकीच्या महाराष्ट्रात नेली गेली. १९६३ पर्यंत ती राज्यभर पसरली होती. आणि १९७२ साली युनेस्कोतर्फे दिलं जाणारं, नादेझ्दा क्रुप्स्काया ह्यांच्या नावाचं आंतरराष्ट्रीय साक्षरता पारितोषिक ह्या ग्रामशिक्षण मोहिमेला मिळालं. साताऱ्याच्या देवळातल्या कंदिलाचा उजेड पॅरिसपर्यंत पोचला, असं म्हणायला हरकत नाही.

पण १९७२ म्हटल्यावर ह्या सभागृहातल्या वयस्कर मंडळींना पारितोषिक आठवणार नाही. त्यांना आठवेल तो दुष्काळ. विहिरी कोरड्या, जनावरं छावणीत, आणि माणसं खडी फोडायला. आम्ही तेव्हा पुण्याला एम. ए. ला होतो. सुट्टीत घरी आलो. आई रस्त्याच्या कामावर होती. दुपारची भाकरी घेऊन आम्ही तिथं गेलो, तर पगारवाटप चाललं होतं. मस्टर उघडं होतं. बाया ओळीनं पुढं येत होत्या, शाईच्या गादीवर अंगठा दाबत होत्या आणि मस्टरवर उठवत होत्या. आई पुढं आली. तिनंही अंगठा दिला.

आम्हाला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. बाजूला घेऊन विचारलं, “आई, तुला सही येत होती की गं.” ती म्हणाली, “येत हुती. आता हात वळत न्हाई. आन् समद्यांचा अंगठा, मी एकलीनं सही कशाला करू?”

मित्रहो, ह्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजच्या विषयाचा सगळा गाभा त्यात आहे. ‘हात वळत नाही’ ही पहिली. जे शिकलं ते अकरा वर्षांत गेलं, कारण त्याला काही कामच नव्हतं. घरात वाचायला कागद नाही, लिहायला कारण नाही. मोहिमेबद्दल पुढे सरकारी कागदपत्रांतही हेच म्हटलं गेलं की पाठपुरावा नीट झाला नाही आणि नवसाक्षर मोठ्या प्रमाणावर पुन्हा निरक्षर झाले. दुसरी गोष्ट, ‘सगळ्यांचा अंगठा, मी एकटीनं सही कशाला?’ ज्या समूहानं तिला अक्षर शिकवलं होतं, त्याच समूहानं ते तिच्याकडून परत घेतलं. कुणी जबरदस्ती केली नाही. जशी चाल, तशी माणसं वागली. समूह शिकवतो तसा विसरायलाही शिकवतो. हे मोजणारी परीक्षा त्या साहेबांकडे नव्हती.

पुढच्या काळात देशानं ह्यातून काही धडा घेतला. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं. १९९२ साली दवे समितीनं तपासणीचे निकष घालून दिले : वाचन, लेखन, अंकगणित ह्या प्रत्येकात निदान ५० टक्के आणि एकूण ७० टक्के गुण मिळाले तरच माणूस साक्षर म्हणायचा. साक्षर झाल्यानंतरच्या कार्यक्रमाचीही वेगळी आखणी झाली. मागून शब्द सांगणाऱ्या अकरा वर्षांच्या पोराची आता तशी सोय राहिली नाही. चांगलंच झालं. पण एवढं करूनही पेपर एकेकट्या माणसाचाच राहिला, आणि शिकवलेल्या दिवसाच्या आसपासचाच राहिला. जनगणनेत तर आजही विचारतात, तपासत नाहीत. घरातला कुणीतरी सांगतो, वहिनीला वाचता येतं, आणि तशी नोंद होते.

आता दुसरी बाजू. मोहीम फसली असं म्हणून आम्ही मोकळे होणार नाही, कारण ते खोटं ठरेल. त्या चार महिन्यांत आमच्या गावातल्या बाया आयुष्यात पहिल्यांदा रोज रात्री एकत्र बसल्या. हळदीकुंकू नाही, कुणाचं लग्न नाही, मयत नाही, तरी बसल्या. वर्ग संपले, पाट्या पोरांनी फोडल्या, पण त्यांतल्या नऊ-दहा बाया शुक्रवारी देवळात येत राहिल्या. त्यांनी भिशी सुरू केली. दर महिन्याला थोडे थोडे पैसे, आणि नंबर लागेल तिला रक्कम. हिशोब आईकडं होता. अक्षर गेलं, पण आकडे राहिले, कारण आकड्यांना काम होतं. एसटीच्या पाटीवरचं ‘सातारा’ आणि ‘पुसेगाव’ तिला शेवटपर्यंत ओळखू यायचं, कारण चुकीच्या गाडीत बसलं तर पायपीट व्हायची. आणि त्या बायांपैकी एकीनंही पुढं आपल्या मुलीला चौथीच्या आत शाळेतून काढलं नाही. साहेबांनी जे मोजलं ते टिकलं नाही, आणि जे टिकलं ते त्यांच्या तक्त्यात नव्हतंच.

इथं थोडं तत्त्वज्ञान येऊ द्या. पोटापाण्याचा धंदा आहे आमचा. आपल्या परंपरेत ज्ञानाच्या खरेपणाबद्दल एक जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात ज्ञान स्वतःप्रमाण असतं, म्हणजे झालं की ते खरंच धरायचं, बाध येईपर्यंत. नैयायिक म्हणतात नाही, ज्ञानाचं प्रामाण्य परतः ठरतं, बाहेरून. लांबून तळं दिसलं. ते पाणी आहे की मृगजळ, हे जवळ जाऊन, ओंजळ भरून, तहान भागली तरच कळतं. हा वाद आपल्याला परका नाही. आपल्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाचं प्रचंड काम केलं, आणि त्यांचेच शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. कृष्णेच्या काठी हे दोन्ही पक्ष घासूनपुसून अभ्यासले गेले आहेत.

आमचं म्हणणं असं की समूहात शिकताना माणूस मीमांसक असतो, आणि त्याला तसं असावंच लागतं. शेजाऱ्यानं सांगितलेली प्रत्येक गोष्ट प्रयोगशाळेत नेत बसलो तर पेरणीची वेळ टळेल. विश्वासावरच शेती चालते. पण त्या शिकण्याचं मूल्यमापन करायला बसाल, तेव्हा मात्र नैयायिक व्हावं लागतं. तळ्यापर्यंत चालत जावं लागतं. ग्रामगौरवाच्या दिवशी सगळ्यांनी लांबून तळं पाहिलं आणि हलगी वाजवली. तळ्यापर्यंत गेलं ते ७२ सालचं मस्टर.

ह्याचंच दुसरं उदाहरण सांगलीकडचं, आणि अगदी अलीकडचं. द्राक्ष. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस, खानापूर ह्या पट्ट्यातल्या माणसांनी द्राक्षबाग जशी एकमेकांकडून शिकून घेतली, तशी दुसरं कुठलंही पीक क्वचितच कुणी शिकलं असेल. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे ह्यांनी थॉमसन सीडलेसमधून निवड करून ‘तास-ए-गणेश’ हा वाण काढला. ते विद्यापीठातले शास्त्रज्ञ नव्हते, बागायतदार होते, आणि त्यांचा वाण एका बागेतून दुसऱ्या बागेत काडीनं गेला. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, किती डोळे राखायचे, घडाची विरळणी कशी करायची, डावणी आणि भुरी आली तर काय फवारायचं, हे सगळं चर्चासत्रांत, शिवारफेरीत आणि चहाच्या टपरीवर पसरलं. बेदाणा करायची रॅकवरची पद्धतही अशीच. समूहानं शिकण्याचा हा मोठा विजय आहे, ह्याबद्दल वाद नाही.

त्या शिकण्यात एक गोष्ट अशीही होती : खरड छाटणीनंतर वेलीचा शेंडा फार पळाला की घड कमी येतात. तो शेंडा रोखायला सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड फवारायचं. एकानं केलं, घड वाढले. दुसऱ्यानं बघितलं, त्यानं केलं. बांडुरांच्या सिद्धान्ताप्रमाणे सगळं यथासांग झालं. बाग दिसत होती, घड दिसत होते, म्हणजे तळ्यापर्यंत जाऊन पाणीही प्यायलं होतं, असं कुणीही म्हणेल. २०१० साली भारतातली द्राक्षं युरोपात पोचली आणि तिथल्या तपासणीत ह्याच रसायनाचे अंश सापडले. तिथली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, बागायतदार आणि निर्यातदार कर्जात बुडाले. आणि लक्षात घ्या, निर्यातीआधी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्या यादीत हे नावच नव्हतं. बागेची नोंदणी होती, ग्रेपनेटसारखी माग काढणारी व्यवस्था होती, प्रमाणपत्र होतं. सगळे पास होते. तपासणारेही आणि पिकवणारेही एकाच समजुतीच्या आत उभे होते.

आमच्या आईच्या वेळी शिकलेलं टिकलं नाही. इथं शिकलेलं पक्कं टिकलं, सगळ्यांत पसरलं, आणि त्यात चूक होती. म्हणून ‘किती जणांनी आत्मसात केलं’ हा आकडा एकटा काही सांगत नाही. एकमेकांकडून शिकणारा समूह चूकही तितक्याच तत्परतेनं शिकतो. पण २०१० नंतर काय झालं हेही पाहा. ते रसायन तपासणीच्या यादीत आलं. निर्यातीची बाग करणाऱ्यांनी त्याचा नाद सोडला, पाणी आणि नत्र आवरून, शेंडा खुडून तेच काम करायला बागायतदार पुन्हा एकमेकांकडूनच शिकले. ज्या वाटेनं चूक आली होती, त्याच वाटेनं दुरुस्तीही गेली. आमच्या मते त्या समूहाची खरी परीक्षा ती होती, आणि तीत तो बऱ्याच अंशी उतरला.

आता मोबाईलकडे येऊ. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा आढळली ती कर्नाटकात, शिवमोगा भागात, मक्यावर. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली, आणि मक्याबरोबर उसावरही दिसली. सांगली-कोल्हापूरकडे ‘होय आम्ही शेतकरी’ नावाचा जो समूह आहे, त्यातले कीटकशास्त्रज्ञ डॉ. अंकुश चोरमुले हे तिची महाराष्ट्रातली नोंद करणाऱ्या पहिल्या संशोधकांपैकी एक. शेतकरी फोटो पाठवतो, जाणकार ओळखतो, हे बांधावरचंच शिक्षण आहे, फक्त बांध शंभर मैल लांब झाला आहे. एका नव्या किडीच्या बाबतीत हे अंतर तुटणं किती मोलाचं, हे मक्यावाल्याला विचारा.

पण अशा गटाचं यश आज कशावर मोजतात? किती सभासद, किती संदेश, आणि किती अंगठे. हो, अंगठे! संदेश आला की खाली लोक अंगठा उठवतात. पंचवीस अंगठे म्हणजे पंचवीस जण शिकले. आम्हाला तो अंगठा दिसला की मस्टर आठवतं. (हशा) हसू नका. तेव्हाच्या अंगठ्याचा अर्थ होता, पैसे पोचले. आत्ताच्या अंगठ्याचा अर्थ संदेश पोचला, एवढाच. शिकलं की नाही, ते दोन्हीकडे कळत नाही.

मग कसं मोजायचं? तक्ता आमच्याकडे नाही. तीन प्रश्न आहेत, ते आम्हाला इतिहासानं दिले आहेत.

पहिला : हंगाम उलटल्यावर काय उरलं? शिकलेल्या दिवशी विचारू नका. वर्षानं विचारा, आणि त्या माणसाचं रान बघून विचारा. ज्याला रोजच्या जगण्यात काम आहे तेवढंच उरतं. बाकीचं उरलं नाही म्हणून माणसाला दोष देण्याआधी, त्याला काम का मिळालं नाही ते शोधा.

दुसरा : ह्या शिकण्यात नव्हतं कोण? द्राक्षाची विरळणी, डिपिंग ही कामं बहुतेक बाया करतात. औषधाचा वास त्यांच्या नाकात जातो, घड कुठला बिघडला हे त्यांच्या बोटांना आधी कळतं. किती गटांत त्या बाया आहेत? बागमालक फोटो टाकतो, ओळखलं तिनं होतं. समूहाचं शिकणं मोजताना जो गप्प आहे त्याच्यापासून सुरुवात करावी.

तिसरा, आणि आमच्या दृष्टीनं सगळ्यात अवघड : ह्या समूहानं कधी ‘आपलं चुकलं’ असं म्हटलं आहे का? ज्याचा सल्ला चुकला तो पुन्हा येऊन तसं सांगतो का, आणि त्याला तसं सांगू देतात का? जिथं फक्त भरघोस घडांचे फोटो येतात आणि वाया गेलेल्या बागेचा एकही येत नाही, तिथं शिकणं चाललेलं नाही, गौरव समारंभ चालला आहे. आम्ही अकराव्या वर्षी मागून शब्द सांगितला तो प्रेमानं सांगितला. गावाची मिरवणूक अडू नये म्हणून सांगितला. प्रत्येक समूहात असा एक मागून सांगणारा असतो, आणि बहुतेक वेळा तो भला माणूस असतो.

एवढं बोलून आम्ही थांबतो. 

[व्याख्यानानंतर श्रोत्यांपैकी एका शिक्षिकेनं विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर]

प्रश्न : सर, ७२ नंतर तुम्ही आईंना पुन्हा शिकवलंत का?

उत्तर : नाही. खरं सांगायचं तर नाही. सुट्टी संपली, आम्ही पुण्याला परत गेलो. पुढं ज्ञानाच्या प्रामाण्यावर प्रबंध लिहिला, पदवी मिळाली, गावात सत्कारही झाला. आई त्या सत्काराला पुढच्या रांगेत बसली होती. तिला पुन्हा पाटी द्यावी असं आमच्या मनात आलं नाही असं नाही, पण ते मागं पडत गेलं. तिच्या शेवटच्या आजारपणातल्या कागदांवरही तिचा अंगठाच आहे.

तिच्या भिशीची वही मात्र आमच्याकडे आहे. तिच्यात आकडे आहेत, बरोबर आहेत. आम्ही बेरजा तपासल्या. नावं नाहीत. नावाच्या जागी एकेका बाईसाठी एकेक खूण आहे. कुणाची घागर, कुणाची फणी, कुणाचा विळा. काकूच्या नावासमोर कोंबडी आहे. सगळ्यात खाली तिची स्वतःची ओळ आहे. तिथं तिनं खूण काढलेली नाही. तिथं ‘ग’ आहे, आणि काना थोडा लांब. तिचं नाव गंगूबाई. काना लागत नाही तिच्या नावातल्या ‘ग’ला. पण तिनं तो काढलाय, आम्ही शिकवला होता तसा.